पुन्हा मोजा

साहेबांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी कचेरीचा उंबरा ओलांडायच्या आधी. दारातच खुर्ची टाकून बसले होते आणि माझा अर्ज त्यांच्या मांडीवर होता.

"वय?"

"बावीस."

"कशावरून?"

"म्हणजे? आई सांगते."

"आईला काय माहीत?"

"ती होती ना तिथे!"

"होती, मान्य. पण मोजत होती का?"

मला असा राग आला की अर्ज हिसकावून घ्यावा आणि चालू पडावं. शाळेचा दाखला पुढे केला, तर म्हणाले, "हा गुरुजींनी लिहिलाय. आणि गुरुजी तर तिथे नव्हतेच." एवढं बोलून त्यांनी मला कामावर घेतलं. जाताना बजावलं, "उद्या येताना वय विसरू नका. परत विचारीन."

आणि खरंच विचारलं.

एकाहत्तर सालची गोष्ट. त्या वर्षी फाल्गुनाच्या सुमाराला शिरगणती झाली. गावोगावच्या प्राथमिक शिक्षकांनी घरोघर जाऊन माणशी एक चिठ्ठी भरली होती. नाव, वय, लग्न, जन्मगाव, धंदा, लिहिता-वाचता येतं की नाही, एवढं सगळं तळहाताएवढ्या कागदावर. त्या चिठ्ठ्या पोत्यांतून नगरला आल्या आणि एका जुन्या सरकारी गोदामात रचल्या गेल्या. आम्ही पंधरा-वीस जण तात्पुरत्या नेमणुकीवर. भिंतीला लाकडी खणांच्या घोड्या लावलेल्या. एक पोतं उघडायचं, चिठ्ठ्या वयाप्रमाणे खणांत टाकायच्या, प्रत्येक खण मोजायचा, आकडा लिहायचा, परत बांधायचं. मग तेच पोतं उघडून धंद्याप्रमाणे, मग जन्मगावाप्रमाणे. नगर जिल्ह्यातला झाडून सगळा माणूस त्या गोदामात होता. मीही होते, फक्त कुठल्या पोत्यात ते मला ठाऊक नव्हतं.

आणि या सगळ्या ढिगावर साहेबांचा अविश्वास होता. आम्ही खण मोजून आकडा सांगितला की ते मान वर न करता म्हणायचे, "पुन्हा मोजा." दुसऱ्यांदा तोच आकडा आला तर त्यांना आणखीच शंका यायची. कारण माणूस एवढा अचूक नसतो म्हणे. आम्ही त्यांचं नावच 'पुन्हामोजा' पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. कोणी पाडलं हेही बहुतेक शोधून काढलं असावं, कारण माझ्या आकड्यांवर त्यांचा जास्त लोभ होता.

दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधायचे. वेळ विचारली तर दोन्ही सांगायचे आणि वर म्हणायचे, "तुम्हाला पटेल ती घ्या." घरून एक बाई डबा घेऊन यायची, त्यातल्या भाकऱ्या जेवायच्या आधी आमच्या तात्या शिपायाकडून मोजून घ्यायचे. तात्या म्हणायचा, "सायेब, बाई काय रस्त्यात भाकरी काडून घील व्हय?" साहेब म्हणायचे, "घेणार नाही. पण मोजलं तर बिघडलं काय?"

एकदा संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळेला त्यांनी दारातल्या चपला मोजल्या. ते रोजच मोजायचे आणि भागिले दोन करून आम्ही सगळे आत आहोत की नाही ते ताडून बघायचे. त्या दिवशी एक चप्पल जास्त निघाली. झालं! कोणालाही घरी सोडेनात. एका पायाचा माणूस आत शिरलाय का, म्हणून गोदाम पालथं घातलं. आम्ही तोंडात पदर कोंबून हसत होतो. शेवटी तात्यानं शेजारच्या गल्लीतलं कुत्रं दाखवलं, ते कुठून तरी आणलेली चप्पल आमच्या दारात टाकून आता दुसरी उचलायला आलं होतं. साहेब गंभीरपणे म्हणाले, "बघा, हिशेब लागला ना?" आजही कोणाच्या घरी कार्याला गेले की दारातल्या चपलांवरून माझी नजर फिरते. ही खोड त्यांनी लावलेली.

पण माणूस वेडा नव्हता. एकदा मला वयाच्या खणांपुढे उभं करून म्हणाले, "काय दिसतं?"

"चिठ्ठ्या."

"नीट बघा. चाळीसचा खण तुंबलाय. पंचेचाळीसचा तुंबलाय. पन्नासचा तर उतू चाललाय. मधल्या खणांत कोण आहे? कोणी नाही. आपल्याकडे सत्तेचाळीस वर्षांचा माणूस नसतोच. तो पंचेचाळीसवर बसून असतो तो एकदम पन्नासवर उठतो." मग हळूच म्हणाले, "हे खोटं आहे, पण प्रामाणिक खोटं आहे. लोक असंच सांगतात. एखाद्या गावाचे खण असे तुंबलेले दिसले नाहीत, सगळीकडे सारखे भरले, की समजायचं, कोणीतरी घरी बसून लिहिलंय."

आणखी एकदा पन्नाशीच्या पुढचे दोन-तीन खण त्यांनी हातानं तोलून बघितले. इतर मधल्या खणांपेक्षाही ते हलके होते. पोतं बदललं, तालुका बदलला, तरी तिथली चिठ्ठी कमीच. "ही पोरं कुठे गेली?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच सांगितलं, "अठरा साली मानमोडीची साथ आली होती तेव्हाची ही पोरं. आईच्या मांडीवरच गेली. कोणाला विचारलंत तर तो आपल्या घरातलं एक मूल सांगेल. सगळ्या जिल्ह्याची मिळून केवढी जागा रिकामी झाली ते या ढिगालाच ठाऊक." त्या दिवशी प्रथमच मला त्या कागदांची भीती वाटली. खोटं वाटेल, पण मी खणात चिठ्ठ्या जरा हळू टाकायला लागले.

श्रावण लागायच्या सुमाराला पाथर्डी तालुक्याची पोती उघडली आणि एका गड्डीवर माझ्या दादाचं अक्षर दिसलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पाथर्डीकडच्या एका गावात शिक्षक होता, त्या गावाची मोजणी त्याच्याकडेच होती. वडील गेल्यापासून आमचं घर त्याच्यावरच चाललेलं. अक्षर बघून मला क्षणभर आनंद झाला. पण तो टिकला नाही, कारण खण भरायला लागले तसे ते सारखे भरायला लागले. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस होता. एकोणचाळीसची बाई होती. सत्तावन्नचे म्हातारबुवा होते. आणि दुसरं त्याहून वाईट. कागदावर गावातल्या एकाही घराला कुलूप नव्हतं. आता पाथर्डीकडचं कोणीही सांगेल, फाल्गुनात तिकडची निम्मी गावं उसाला गेलेली असतात. दसरा झाला की टोळ्या निघतात, बैलगाड्यांत संसार घालून कारखान्यांवर जातात, पाचटाच्या कोप्या करून राहतात, ते पार चैत्र संपता संपता परततात. मोजणीच्या दिवसांत ती माणसं घरी असणं शक्यच नव्हतं. आणि नियम असा होता की मोजणीच्या सबंध काळात जो घरी नाही, त्याला जिथे असेल तिथे मोजायचं.

गड्डीच्या लेबलावर गणकाचं नाव होतं. दादाच्या आणि माझ्या नावापुढे वडील तेच, आडनाव तेच. मी दौत कलंडली आणि लेबलावर शाईचा हा एवढा डाग पाडला. मग मोठ्यानं "अगबाई!" म्हणाले.

साहेब आले. डाग बघितला, मला बघितलं, खणांकडे बघितलं.

"या गावात सगळ्यांना आपलं वय बरोबर माहीत आहे," ते म्हणाले. "आणि उसाला कोणी जात नाही. सुखी गाव दिसतंय."

मी डाग टिपत राहिले. घरी नसलेली माणसं सरकारी कागदात घरी दाखवली हे सिद्ध झालं, तर दादाची नोकरी जाणार हे मला कळत होतं.

"ही टोळी कुठे जात असेल?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. देवळाली प्रवऱ्याकडे जात होती, दादानंच कधी तरी सांगितलेलं. पण मी म्हणाले, "काय की."

त्यांनी बाहेर चौकशी केली आणि राहुरी तालुक्याची पोती काढायला लावली. कारखान्याच्या आसपासच्या सगळ्या गड्ड्या माझ्यापुढे ओतल्या आणि दादाच्या गावाची नावं लिहिलेला कागद हातात दिला. "यातलं कोणी तिकडे सापडतं का बघा. सापडलं तर ही माणसं दोनदा मोजली गेली. मग या मास्तराचं काही खरं नाही."

एवढ्या ढिगात एक नाव शोधणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तिथे क्रम नाही, अनुक्रमणिका नाही. जन्मगावाच्या रकान्यात 'पाथर्डी' दिसलं की थांबायचं, नाव यादीत बघायचं, पुढे जायचं. आठ-दहा दिवस मी तेच करत होते. मनात एकच, देवा, कोणी सापडू नको. आणि आश्चर्य म्हणजे सापडत नव्हतं. कोप्यांची माणसं राहुरीच्या ढिगात नव्हतीच! पुढे कळलं ते असं, की तिकडच्या गणकाला मुकादमानं सांगितलं, "आमची मोजनी गावाकडं व्हईल, तुमी कशाला तरास घेता?" आणि गणकाला ते पटलं. म्हणजे दादानं त्यांना लिहिलं नसतं, तर ती माणसं जगातच नव्हती.

नवव्या-दहाव्या दिवशी एक चिठ्ठी सापडली. गजराबाई. नवऱ्याचं नाव तेच, गाव तेच, वय पंचवीस. देवळाली प्रवऱ्याच्या दवाखान्यात मोजलेली. तिच्या खालीच दुसरी चिठ्ठी होती. नाव : ठेवलेले नाही. स्त्री. वय : शून्य.

मी इकडेतिकडे बघितलं. गजराबाईची चिठ्ठी डब्याच्या फडक्यात सरकवली. लहानीची तशीच राहू दिली. ती दादाच्या यादीत असणंच शक्य नव्हतं.

संध्याकाळी साहेब आले आणि म्हणाले, "गड्डी मोजा."

मोजली. एक कमी.

"पुन्हा मोजा."

मोजली. एक कमीच.

ते माझ्याकडे बघत नव्हते. दोन्ही घड्याळं काढून किल्ली देत बसले होते. म्हणाले, "पुन्हा मोजा. सावकाश. मला घाई नाही."

तिसऱ्यांदा मोजताना मी चिठ्ठी गड्डीत सरकवली. "जुळलं," मी म्हणाले.

"जुळणारच," ते म्हणाले. गड्डी घेतली, नेमक्या त्याच दोन चिठ्ठ्या बाहेर काढल्या आणि दादाच्या गड्डीतली गजराबाई शेजारी ठेवली. दादाच्या चिठ्ठीत तिचं वय तेवीस होतं. "ही बाई एक की दोन, हे कागदावर ठरणार नाही. तिलाच विचारू या."

दोन दिवसांनी एस.टी.नं आम्ही निघालो. लोकांनी उगाच काही बोलायला नको म्हणून तात्यालाही बरोबर घेतलं होतं. पाऊस नव्हता, बाजऱ्या गुडघ्याएवढ्याच राहिल्या होत्या. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते आणि मी दादाला खुणेनं तरी काय सांगता येईल याचा विचार करत होते.

दादा शाळेच्या दारात उभा होता. मला बघून त्याचा चेहरा पडला. मी ओळख दाखवली नाही, त्यानंही नाही. साहेबांनी लिंबाखाली टेबल मांडायला लावलं आणि गड्डी उघडून एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. श्रावण असल्यानं सगळं गाव घरीच होतं. एकेक माणूस येऊन उभा राहिला की साहेब त्याला खालपासून वरपर्यंत बघायचे आणि चिठ्ठी उलटी ठेवायचे.

"तुमचं वय?" एका म्हातारबुवांना विचारलं.

"आसंल की साठ."

साहेब दादाकडे वळले. "तुम्ही सत्तावन्न लिहिलंत. कुठून आणलंत?"

"यांचा धाकटा भाऊ शाळेच्या जुन्या रजिस्टरात आहे," दादा म्हणाला. "हे त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे."

"सगळ्या गावाचं असंच काढलंत?"

"पोरांचं रजिस्टरावरून. मोठ्यांचं असं मागं-पुढं विचारून." मग दादाला राहवेना. "साहेब, खरं सांगतो. निम्म्या घरांना कुलपं होती. पण मी एकही खोटं माणूस लिहिलं नाही. कुलूप बघून गाव निम्मं लिहायचं कसं? पुढं कोणी दवाखाना मागितला, विहीर मागितली, तर म्हणतील, इथं माणसंच कुठं आहेत?"

"मी विचारलं का काही?" साहेब एकदम खेकसले. "पुढचं नाव घ्या."

दुपार कलली तेव्हा शेवटचं नाव उरलं. गजराबाई आली. अंगानं काटकुळी, पदर डोक्यावर. साहेबांनी विचारलं, "मोजणीवेळी कुठे होतात?"

"देवळालीला, सायेब. दवाखान्यात. बाळात झाले हुते."

"तिथे कोणी लिहून घेतलं तुम्हाला?"

"व्हय. एक मानूस आला हुता. माजं लिवलं. मंग पोरीला बगून म्हनला, हिचं बी लिवतो. म्या म्हनलं, आवं, हिचं नाव न्हाई ठिवलं आजून, बारसं गावाकडं जाऊन करायचं हाय. तर म्हनला, नसू दे. मानूस तर हाय ना?"

"मुलगी कुठे आहे?"

तिनं पदर आणखी पुढे ओढला. दादानंच हळू सांगितलं, की हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर टोळी परत येताना वाटेत पोरीला ताप भरला आणि ती गाडीतच गेली. बारसं राहूनच गेलं.

गजराबाई टेबलाजवळ आली. "सायेब, तितं लिवल्यालं आजून आसंल का वो? का फाडून टाकत्यात?"

साहेबांनी ती चिठ्ठी काढली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं हात पुसून ती घेतली, दोन्ही हातांत धरून बघितली आणि परत दिली. मला रडू आवरेना, मी शाळेच्या भिंतीकडे तोंड फिरवलं.

साहेबांनी दोन्ही गजराबाया पुढ्यात घेतल्या. एक दादाची, एक देवळालीची. यातली एक रद्द करायला हवी होती. मी वाकून अगदी हळू म्हणाले, "देवळालीची काढा ना, साहेब. म्हणजे या गड्डीला हातच लावायला नको." दादाच्या गड्डीवर रद्दची रेघ आली, तर वरून कोणी तरी चौकशी करणार, याची मला धास्ती होती.

"आणि पोरगी?" ते म्हणाले. "ती तिकडे एकटीच राहील."

त्यांनी दादाच्या चिठ्ठीवर तांबडी रेघ मारली. मग गड्डीवर शेरा लिहिला, तो मला आजही पाठ आहे. 'एक चिठ्ठी दुबार, रद्द केली. बाकी सर्व माणसे समक्ष पाहिली.' त्यात एक शब्द खोटा नव्हता. माणसं समक्ष पाहिलीच होती. केव्हा पाहिली, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी लिहिलं नाही. दादाची नोकरी शाबूत राहिली.

परतीच्या एस.टी.त बसल्यावर ते म्हणाले, "भावाला सांगा, शहाणपण बेतानं करा."

मी चमकले. "तुम्हाला कधी कळलं?"

"लेबल मी आधीच वाचलं होतं. शाई तुम्ही नंतर सांडलीत."

"मग तो ढीग माझ्याकडेच का दिलात?"

"ज्याला सापडू नये असं वाटतं, तो एकही चिठ्ठी वगळत नाही," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मला राग आला, हसूही आलं, आणि खूप वर्षांनी वडील आठवले.

पुढे देवळालीची गड्डी वयाप्रमाणे लावायला आली. त्यांनी ती माझ्याकडे दिली नाही, स्वतः घेऊन बसले. वयाच्या खणांत त्या दोघींची ताटातूट होणार हे उघड होतं, एक शून्यात, एक पंचविसात. साहेबांनी खण मोजले, आकडे लिहिले. मग गड्डी बांधताना दोन्ही खणांतून त्या दोन चिठ्ठ्या हुडकून काढल्या, एकीखाली एक ठेवल्या आणि दोरा आवळला.

बांधलेली गड्डी माझ्यापुढे आली. सवयीनं मी गाठ सोडायला लागले. "मोजू ना पुन्हा?"

त्यांनी गड्डीवर हात ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "दोघी आहेत."